बोगल्सचा डेक बांधताना

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातली ऑरा, म्हणजे दुसऱ्या कार्डावर चढवायची कार्डं, मला पहिल्यापासून आवडायची आणि बरोबरचे सगळे 'त्यांच्या नादाला लागू नको' म्हणायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपण क्रीचरवर, म्हणजे लढणाऱ्या कार्डावर, ऑरा चढवायला जावं, समोरच्याने एक साधं रिमूव्हल (क्रीचर हटवणारं कार्ड) टाकून क्रीचर मारावं, की ऑराही त्याच्याबरोबर गेली. त्याचं एक कार्ड, आपली दोन. हेक्सप्रूफ क्रीचरशी हा खेळ करता येत नाही. समोरचा त्याला टार्गेटच, म्हणजे आपल्या कार्डाचं लक्ष्यच, करू शकत नाही, आपण मात्र करू शकतो. श्राउड या जुन्या गुणात आपल्यालाही मनाई असते, त्यामुळे ऑरावाल्याला त्याचा काही उपयोग नाही.

फोंड्यात आम्ही मोजकी मंडळी रविवारी सोप्यावर बसून मॅजिकचा पॉपर हा प्रकार खेळतो. कधी ना कधी कॉमन (सहज मिळणारी) म्हणून निघालेलीच कार्डं यात चालतात, त्यामुळे खिशाला झेपतं. कार्डं बाहेरून कुरियरने येतात. फॉइल (चकाकती) कार्डं मी मुद्दाम घेत नाही. आमच्या पावसाळ्यात ती सुकल्या पानासारखी वळतात आणि प्लास्टिकच्या स्लीव्हमध्येही सरळ राहत नाहीत.

क्रीचर ठरवायला वेळ लागला नाही. स्लिपरी बोगल आणि ग्लेडकव्हर स्काउट, दोन्ही एका मानाची (माना म्हणजे कार्ड टाकायचा खर्च, तो लँड कार्डांतून मिळतो), १/१ (ताकद एक, टफनेस म्हणजे सहनशक्ती एक), हेक्सप्रूफ. प्रत्येकी चार म्हणजे आठ. सुरुवातीला मी आठांवरच थांबणार होतो, पण कागदावर हिशेब मांडला. ६० कार्डांच्या डेकमध्ये अशी आठच असतील, तर सात कार्डांच्या पहिल्या हातात एकही न येण्याची शक्यता जवळपास ३५ टक्के. बारा केली की ती १९ टक्क्यांवर येते. म्हणून चार सिल्हाना लेजवॉकर घातली. दोन मानाची असली तरी तिला फक्त उडणारी क्रीचरच अडवू शकतात, हे तिच्या बाजूने मोठं आहे.

या डेकची खरी गंमत ऑरांच्या बेरजेत आहे. इथीरियल आर्मर आपल्या प्रत्येक एन्चँटमेंटमागे (ऑराही त्यातच येतात) +१/+१ देतं, वर फर्स्ट स्ट्राइक, म्हणजे आधी वार. पहिल्या टर्नला बोगल. दुसऱ्याला आर्मर आणि रँकर: एन्चँटमेंट दोन, रँकरचे ताकदीत दोन वेगळे, म्हणजे ५/३ आणि ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला पुरून उरलेला मार थेट खेळाडूला). तिसऱ्याला आर्माडिलो क्लोक: ८/६, आणि जेवढं डॅमेज तेवढं आपलं लाइफ वर. चौथ्याला अँसेस्ट्रल मास्क पडला की तोच बोगल १५ चा फटका मारतो. पाच, आठ, पंधरा. समोरच्याचे २० लाइफ केव्हाच संपलेले. युटोपिया स्प्रॉल आणि अबंडंट ग्रोथ लँडवर बसतात, तरी आर्मर आणि मास्क त्यांनाही मोजतात. निव्वळ मानासाठी घातलेलं कार्ड असं हल्ल्यालाही लागतं.

एवढं जमल्यावर वाटतं, आता कोण काय करणार! आमच्यातल्या काळ्या डेकवाल्याने चेनर्स इडिक्ट टाकलं. मी म्हटलं, "अरे, हेक्सप्रूफ आहे ना तो!"

"तुझ्या बोगलला मी बोटही लावलेलं नाही रे. टार्गेट तू आहेस. दे बळी एक क्रीचर."

माझ्याकडे क्रीचर एकच होतं, तीन ऑरा चढवलेलं. आणि इडिक्टला फ्लॅशबॅक आहे, म्हणजे पुढे मानाची सोय झाली की तेच पुन्हा. यावर कल्नी गार्डन हा बरा उतारा. हे लँड येताना ०/१ चं एक रोपटं देतं आणि इडिक्ट आलं की रोपटं पुढे करायचं. पण ते टॅप होऊन, म्हणजे त्या टर्नला माना न देता, येतं, म्हणून पहिल्या टर्नला बोगल हवा असेल तर ते हातात ठेवावं लागतं. चार न घालता मी दोनच ठेवली. क्रिप्ट रॅट्ससारखी कार्डं सगळ्यांनाच सरसकट डॅमेज देतात. तिथे आर्मरने वाढलेली टफनेस कामी येते, रोपटं नाही. ऑरा स्वतः हेक्सप्रूफ नसतात, त्या नॅचरलाइझसारख्या एन्चँटमेंट मोडणाऱ्या कार्डाने खुशाल उडवता येतात, हेही लक्षात ठेवायचं.

मुलिगन (पहिला हात परत करून नवा उचलणं) मी आता निष्ठुरपणे घेतो. सुरेख ऑरांनी भरलेला पण क्रीचर नसलेला हात सरळ परत. २०१९ पासूनच्या नियमात पुन्हा सातच उचलून एक तळाला घालायचं असतं, आणि बोगल, दोन लँड, दोन ऑरा असलेला सहाचा हात मला भरपूर होतो.

निळ्या डेकसमोर वेगळी चिंता. हेक्सप्रूफ टेबलावर उतरल्यावरच लागू होतं. क्रीचर टाकत असताना त्याला काउंटरस्पेल (टाकलेलं कार्ड रद्द करणारं) बसू शकतं. पण काउंटरस्पेलला दोन निळे माना लागतात. म्हणून टॉस जिंकला की मी आधी खेळतो आणि त्याचं पहिलं लँड पडायच्या आत बोगल उतरवतो.