बुटीबोरीनंतरचा फासा

लुडोचा ऑनलाइन गेम चालवणाऱ्याच्या नशिबी एक आरोप कायमचा असतो: फासा सेट आहे. नागपूरच्या आयटी पार्कमधल्या ज्या छोट्या कंपनीत मी सर्व्हरचं काम बघतो, तिथेही तेच. एक स्टार आणि खाली 'चोर आहेत', 'मुद्दाम हरवतात'. आमच्या गेममध्ये पैसे लावता येत नाहीत, म्हणून २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली तेव्हा आम्ही वाचलो. शिव्या मात्र कमी झाल्या नाहीत. फुकटात हरलेला माणूसही तेवढाच पेटतो.

यावर माझं उत्तर ठरलेलं होतं. फासा खेळाडूच्या फोनमध्ये पडतच नाही, तो सर्व्हरवर पडतो, आणि एकापासून सहापर्यंत सगळे आकडे सारख्याच प्रमाणात येतात. आलेख समोर टांगलेला आहे. वीस वेळा फासा टाकून एकदाही सहा न येण्याची शक्यता शंभरात सुमारे अडीच. म्हणजे हजार लोक खेळत असले, तर पंचवीसेक जणांवर ही वेळ येणारच, आणि रिव्ह्यू लिहायला बसतात ते हेच पंचवीस. ज्याला लागोपाठ सहा पडले, तो कशाला लिहील?

त्या शनिवारी रेटिंग इतकं घसरलं होतं की सुट्टी असून सगळ्यांना बोलावलं होतं. बाहेर मे महिना, आत कुलर घरघरतोय. सरांचं म्हणणं सरळ होतं: "लोक एवढं ओरडतायत तर देऊन टाका. बराच वेळ सहा आला नाही की पुढचा सहा पक्का." आणि वर दाखला सिड मायरचा. 'सिव्हिलायझेशन' या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेच्या या जनकाने २०१० मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं की, तीनास एक अशी बाजू भक्कम असताना कधीतरी हरावं लागलं तरी खेळाडूंना ते अन्याय वाटतं. गणित बरोबर असूनही त्यांनी खेळाडूंच्या मनासारखं केलं.

दाखला खरा होता, पण आमच्या कामाचा नव्हता. तिथे हरणारा कॉम्प्युटर होता, त्याला वाईट वाटत नाही. लुडोत चार माणसं बसतात. एकाला सहा बहाल केला की त्याच फाशाने दुसऱ्याची घरात शिरायला आलेली सोंगटी मरते. एकाची तक्रार मिटवायची म्हणजे उरलेल्या तिघांच्या हातात नवी तक्रार द्यायची. शिवाय 'फासा सेट आहे' हा आजवर खोटा असलेला आरोप आम्ही स्वतःच्या हाताने खरा करणार होतो. मी हे बोललो, थोडं आवाज चढवूनच बोललो. सर गप्प झाले, पटलं म्हणून नव्हे, कंटाळले म्हणून.

तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला. कुणीतरी भेटायला आलंय, लुडोबद्दल बोलायचंय म्हणतात.

पन्नाशी पार केलेले एक काका वर आले. वर्ध्याच्या एका शाळेत क्लर्क, नागपूरहून रोजचं अपडाऊन. प्ले स्टोअरवर कंपनीचा पत्ता दिसतो, तो बघून आलेले. आम्हाला वाटलं, आता शिव्या खायच्या. त्यांनी पाणी पिऊन पिशवीतून शंभर पानी वही काढली.

"हे पाहा भाऊ. अजनीले चढतो. खापरीपर्यंत तुमचा फासा झक्कास पडते. बुटीबोरी गेली का सहा गायब. सिंदीपर्यंत गायब. सेवाग्राम आलं का पुन्हा सुरू. आता फाशाले काय टेशन समजते का?"

वहीत खरोखरच स्टेशनांचे रकाने होते. अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी. प्रत्येकाखाली पडलेले आकडे. आमच्या इतक्या रिव्ह्यूंत एकानेही आपण कुठे बसून खेळत होतो, हे सांगितलं नव्हतं. आणि खरं तर आम्ही कुणाला विचारलंही नव्हतं. स्टार देण्यासाठी जागा होती, ठिकाणासाठी नव्हती.

त्यांचा आयडी घेऊन मी त्यांच्याच समोर लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, उघडला. सहा पडत होते. बोरखेडीच्या वेळेतही पडत होते, तेही इतर आकड्यांइतकेच. पण त्या सहांपुढे 'ऑटो' असा शिक्का होता.

तिथे त्यांच्या गाडीत नेट तुटत होतं. नेट गेलं की आमचा सर्व्हर पंधरा सेकंद वाट बघतो आणि मग खेळाडूच्या वतीने स्वतः फासा टाकतो, म्हणजे बाकीचे तिघे अडकून पडत नाहीत. सहा आला तरी सर्व्हर घरातली सोंगटी बाहेर काढत नव्हता, सगळ्यात पुढची सोंगटी ढकलत होता. नेट परत आलं की फोनला फक्त पटाची ताजी स्थिती मिळायची, मधले फासे कधी दिसायचेच नाहीत. काकांच्या डोळ्यांसमोर सहा पडला नाही, सोंगट्या घरात तशाच. आमच्या आलेखात मात्र तेच सहा इमानदारीत मोजलेले. आलेख खोटा नव्हता आणि वहीही खोटी नव्हती.

"म्हंजे सहा माह्याच होता, पण वापरला तुमी," काका म्हणाले. यापेक्षा नेमका बग रिपोर्ट मी आजवर वाचलेला नाही.

सरांनी खालच्या टपरीवरून तर्री पोहे मागवले. पक्क्या सहाचा विषय त्या दिवसापुरता तरी मागे पडला. पुढच्या अपडेटमध्ये आम्ही दोन गोष्टी केल्या: नेट परतल्यावर मधले सगळे फासे भराभर दाखवायचे, आणि ऑटो खेळताना सहा आला तर आधी सोंगटी बाहेर काढायची. सर्व्हरला थोडं शहाणपणही शिकवलं. कुणाला मारता येत असेल तर मारायचं, धोक्यातली सोंगटी आधी हलवायची. त्यात एक सहकारी म्हणत होता की असे बदल खेळाडूंच्या मतदानाने ठरवावेत. 'ओल्ड स्कूल रुनस्केप' हा ऑनलाइन गेम २०१३ पासून तसं करतो, सुरुवातीला नवीन गोष्टीला ७५ टक्के मतं लागायची. कल्पना चांगली आहे, पण आमच्याकडे कौल घेतला असता तर पक्का सहा बहुमताने निवडून आला असता, आणि बोरखेडीचा प्रश्न मतपत्रिकेवर आलाच नसता.

रेटिंग थोडं सावरलं. काकांनी पाच स्टार दिले, खाली काहीच लिहिलं नाही.

नंतर नव्या तक्रारी सुरू झाल्या. "समोरचा मुद्दाम नेट बंद करतो, मग कॉम्प्युटर त्याच्यापेक्षा भारी खेळतो." पहिल्यांदा हसलो, मग लॉग पाहिला. काही पोरं खरंच हरायला लागली की डेटा बंद करून ठेवत होती. आता ऑटो पुन्हा मठ्ठ करायचा, की नेट तुटण्यावर मर्यादा घालायची? मर्यादा घातली तर पहिला फटका रोज बोरखेडीवरून जाणाऱ्यालाच. सोमवारच्या मीटिंगला हाच विषय आहे, आणि सरांनी पक्क्या सहाची स्लाइड पुन्हा जोडली आहे.