फायच्या शिखराची डावी बाजू

प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक; हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही). हिग्ज क्षेत्रामुळे प्रोटॉनमधल्या क्वार्कांना मिळणारं वस्तुमान तिन्ही क्वार्क धरून जेमतेम दहाच्या घरात जातं. भौतिकशास्त्रज्ञ नाम्बूंच्या मांडणीप्रमाणे उरलेल्याचं मूळ कायरल सममिती (डावखुऱ्या आणि उजव्या क्वार्कांमधली सममिती) मोडण्यात आहे. केंद्रकाच्या आत, घन फर्मीला (फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) ०.१७ न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) इतक्या दाटीत, ती मोडतोड थोडी भरून निघायला हवी आणि आत जन्मलेल्या मेसॉनचं (क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीतून बनलेल्या अल्पायुषी कणाचं) वस्तुमान घटायला हवं. १९९२ साली हात्सुदा आणि ली या सिद्धांतकारांनी रो आणि ओमेगा या मेसॉनांसाठी पंधरा-वीस टक्क्यांची घट वर्तवली. फाय या आणखी एका मेसॉनसाठी त्याहून बरीच कमी.

हे मोजायचं तर मेसॉन केंद्रकातच विघटित व्हायला हवा आणि त्याची पिल्लं धक्के न खाता बाहेर यायला हवीत. फायची जवळजवळ निम्मी विघटनं केऑन या दुसऱ्या मेसॉनांच्या जोडीत होतात, पण केऑन बाहेर पडताना न्यूक्लिऑनना अडखळतात. म्हणून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी धरायची. ती दहा हजारांत तीनदाच मिळते.

दुसरी अडचण अंतराची. फायच्या आयुष्याला प्रकाशवेगाने गुणलं तर ४६ फर्मी येतात आणि तांब्याच्या केंद्रकाची त्रिज्या पाचाच्याही आत. म्हणजे बहुतेक फाय बाहेर पडून, नेहमीच्याच वस्तुमानाने मरतात. संथ फाय वेगळे काढले तरी आत मरणारे शंभरात आठ-दहाच्या वर जात नाहीत. त्यामुळे जोड्यांच्या वस्तुमानाच्या आलेखात फायच्या नेहमीच्या वस्तुमानावरचं, १०१९ एमईव्हीवरचं, शिखर हलत नाही. डाव्या, म्हणजे हलक्या बाजूच्या, उतारावर थोडा फुगवटा दिसला तर दिसला.

जपानमधल्या त्सुकुबाच्या केईके प्रयोगशाळेतल्या ई३२५ प्रयोगाने तो दाखवला. १२ जीईव्हीचे प्रोटॉन, कार्बन आणि तांबं ही टार्गेटं. २००७ साली छापलेल्या निकालात फुगवटा फक्त तांब्यात आणि तोही फक्त संथ फायमध्ये (बीटा-गॅमा, म्हणजे संवेग भागिले वस्तुमान, १.२५ च्या खाली) होता. त्यातून निघालेली घट ३.४ टक्के, म्हणजे सुमारे ३५ एमईव्ही, फायची रुंदी (वस्तुमानाचा पसारा) ३.६ पट.

आता मेख. जोडीचं वस्तुमान दोन्ही संवेगांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. वाटेत एकाच इलेक्ट्रॉनने फोटॉन सोडून ७ टक्के ऊर्जा गमावली, की फाय ३५ एमईव्हीने हलका दिसतो. नेमकं तेच अंतर, त्याच बाजूला! अशा फोटॉन सुटण्याला ब्रेम्सश्ट्रालुंग म्हणतात; त्याची शेपटी नेहमी डावीकडेच पडते, म्हणून टार्गेटच्या जाडीवर एवढी मारामारी.

जपानमधल्याच टोकाइच्या जे-पार्क प्रयोगशाळेतल्या ई१६ प्रयोगात टार्गेट म्हणून ठेवलेले धातू-कार्बनचे पत्रे बघा. टकरीची शक्यता ०.१ टक्का ठेवायची तर कार्बन ४०० मायक्रॉन लागतो आणि तांबं १६०. टकरा सारख्याच, पण रेडिएशन लेंथच्या (इलेक्ट्रॉन फोटॉन सोडून बहुतेक ऊर्जा गमावतो त्या जाडीच्या) हिशेबात कार्बन ०.२ टक्के, तांबं १.१ टक्के. म्हणजे काहीच न करता तांब्याची शेपटी मोठी, आणि केंद्रकाचा परिणामही तांब्यातच शोधायचा! म्हणून तांबं ८० मायक्रॉनच्या दोन पत्र्यांत विभागून एकामागे एक अंतरावर ठेवतात. एका पत्र्यातून तिरपा निघालेला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला चुकवून जातो. विघटनातच सुटणारा फोटॉन मात्र पत्रा कितीही पातळ केला तरी टळत नाही. तो सिम्युलेशनमध्येच धरावा लागतो.

संवेगाची मोजपट्टी तपासायला के-शॉर्ट (४९८ एमईव्ही) आणि लॅम्डा (१११६) या कणांची शिखरं वापरतात. त्यांनी चुंबकाचा नकाशा आणि रिझोल्यूशन पक्कं होतं. पण त्यांच्यातून पायॉन (सर्वांत हलके मेसॉन) आणि प्रोटॉन निघतात, ते जड असल्याने असे फोटॉन जवळजवळ सोडत नाहीत. तेव्हा ही शिखरं नीट बसली म्हणून शेपटीही बरोबर आहे असं समजू नये.

रो-ओमेगात भांडण पार्श्वभूमीचं आहे, म्हणजे वेगवेगळ्या उगमांच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या योगायोगाने जमलेल्या जोड्यांचं. ई३२५ने अशा जोड्यांचं प्रमाण आलेखाला वक्र बसवतानाच ठरू दिलं आणि ९ टक्क्यांची घट काढली. अमेरिकेतल्या जेफर्सन लॅबच्या क्लास प्रयोगाने ते समान विद्युतभाराच्या जोड्यांवरून बांधलं आणि त्यांना रो रुंदावलेला दिसला, घसरलेला नाही. माझं मत क्लासच्या पद्धतीकडे झुकतं. रोची स्वतःची रुंदीच दीडशे एमईव्ही. तिथे पार्श्वभूमी जराशी हलली की घट हवी तशी निघते. फाय अरुंद आहे, ४.३ एमईव्ही, म्हणून खरी परीक्षा त्याच्यावरच.

ई१६ला ३० जीईव्हीचा बीम आहे. दर स्पिलला (बीमच्या एका हप्त्याला) दहा अब्ज प्रोटॉन, म्हणजे एका टार्गेटवर कोटीभर टकरा. २०२० साली पहिला बीम आला. या गर्दीत इलेक्ट्रॉन ओळखायला कार्बन टेट्राफ्लोराइड वायूतला चेरेन्कोव्ह डिटेक्टर आहे; वेगवान इलेक्ट्रॉन त्यात अतिनील प्रकाश सोडतो, जड पायॉन सोडत नाही. हा प्रकाश पकडून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या त्याच्या फोटोकॅथोडवर सिझियम आयोडाइडचा थर. हा थर दमट हवेत खराब होतो, म्हणून जुळणी कोरड्या नायट्रोजनच्या ग्लव्हबॉक्समध्ये. वायूत बाष्प किंवा ऑक्सिजन काही पीपीएम जास्त झाला तरी अतिनील प्रकाश वाटेतच शोषला जातो, फोटोइलेक्ट्रॉन घटतात आणि पायॉन इलेक्ट्रॉन म्हणून खपू लागतात. शिवाय स्पिल सपाट नसतो. प्रोटॉन झुबक्याझुबक्याने आले की सरासरी दर कमी असूनही त्या क्षणी कणांची वाट टिपणारे ट्रॅकर ओसंडतात.

घट खरी असेल तर केंद्रक मोठं आणि फाय संथ, तसा फुगवटा वाढला पाहिजे. त्यासाठी शिसं हवं. पण ०.१ टक्का टकरींपुरतं शिसं १७६ मायक्रॉन होतं, आणि तेवढ्यात रेडिएशन लेंथचे ३ टक्के भरतात. पत्रा आणखी पातळ करावा, तर टकराही त्याच प्रमाणात कमी होणार आणि बीमटाइम तेवढा जास्त मागावा लागणार.