टाच आतून झिजते

पंढरपूर यंदाही राहिलं. जमलं नाही म्हणते मी. जमवलं नाही असं सासूबाई म्हणतात. ऐन जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा अठरा-वीस दिवसांची रजा मागायला तोंड कुठून आणू? म्हणून आमची अकरा जणांची दिंडी आषाढात इंदूरहून ओंकारेश्वराला जाते. पंढरीनाथाच्या देवळात नारळ फोडायचा आणि तीन दिवसांत 77 किलोमीटर. विठोबाचं नाव घेत शंकराकडे कशाला, असं लोक विचारतात. अरे, त्याने डोक्यावर शिवलिंगच धरलंय ना!

पायाची कथा मात्र त्याआधीची. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. दहा पावलांनी कमी व्हायचं, म्हणून मीही दुर्लक्ष करत गेले. वर्गात फरशीवर उभं राहून चोवीस वर्षं झालीत, दुखणारच. मग एकदा न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आले आणि फरशीवरचा ठसा बघून थांबले. अख्खं पाऊल उमटलं होतं, पोळपाटासारखं. गौरीची पावलं आपण मुठीने काढतो, त्यांना आतून कसा छान बाक येतो. माझ्या पावलात बाकाचा पत्ताच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी चवड्यांवर उभं केलं. कमान दिसली! म्हणाल्या, कमान आहे, पण भार पडला की बसते. तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो रोज ताणला जातो, म्हणून सकाळची कळ. घोटा आत कलतो, मागून गुडघा आत वळतो, आणि शेवटी कंबर तक्रार करते. पायात 26 हाडं आहेत हेही तेव्हाच कळलं. मला वाटायचं पाच बोटं आणि एक टाच. मग कमानीला आधार देणारे इनसोल दिले आणि बजावलं: पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वाढवा. शिवाय जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. आमच्या ह्यांचे पाय माझ्याहून सपाट. दुखत नसेल तर काही करायची गरज नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हापासून ते सबंध कॉलनीला पाय दाखवत फिरतात.

इनसोल तीन आठवडे डब्यातच पडून होते. निघायच्या आदल्या रात्री बुटात घातले. ह्यात चूक फक्त माझी.

सिमरोलपर्यंत हरिपाठात वेळ गेला. काकांचा सूर नेहमीसारखा वर चढून राहिला होता आणि मागचे टाळ त्याला शोधत होते. दुसऱ्या दिवशी भेरूघाट उतरताना डाव्या तळव्याच्या आतल्या बाजूला आधी ऊब, मग चटका, मग नुसती आग. शेजारून ट्रक चिखल उडवत जातायत, आणि काका म्हणतात, ‘बूट काढ, अनवाणी चाल, तो सांभाळतो.’ तो समचरण विटेवर उभा आहे, त्याचं काय जातंय! इतके दिवस मला वाटायचं, कमरेवर हात ही ऐट आहे. त्या उतारावर मीही दर पन्नास पावलांनी कमरेवर हात ठेवून उभी राहत होते, आणि ती ऐट नव्हती.

बलवाड्याला रस्त्याच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून, एक मोची छत्रीखाली बसला होता. काका सुई-दोरा काढून फोडात दोरा ओवायच्या तयारीत होते, म्हणून मी जवळजवळ पळूनच त्याच्यापाशी गेले. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. बूट उलटा केला, टाचेवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘बाई, आप अंदर को गिर के चलती हो.’ टाच आतल्या बाजूने पार घासली होती. चोवीस वर्षांत माझ्या चालण्याबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नसेल.

मग त्याने बुटात हात घातला आणि हसला. बुटाचा मूळचा इनसोल मी काढलाच नव्हता, त्याच्यावरच नवा ठेवलेला. दोन थरांमुळे टाच उचलली गेली, उतारावर पाय पुढे घसरत राहिला, आणि कमानीचा उंचवटा टाचेच्या पुढ्यात बसायचा तो सरकून भलतीकडेच आला होता. त्याची कड फोडाच्या बरोबर खाली. त्याने जुना थर ओढून काढला, नव्याची कड रापीने कागदासारखी पातळ तासली, पुन्हापुन्हा बोट फिरवून पाहिलं, आणि लहान पोराच्या कुठल्या तरी बुटाचं मऊ कातडं वरून चिकटवलं. तोवर मी त्याच्याच रबरी चपला घालून पावसात बसले होते. एक चप्पल निळी, एक तपकिरी. फोडाला हात लावू नका, कातडी राहू द्या, एवढंच त्याने काकांना सांगितलं, आणि काकांनी चक्क ऐकलं.

वीस रुपये झाले. दहाची दोन नाणी दिली. एक त्याने परत हातात ठेवलं. ‘ये मैया को.’ म्हणजे नर्मदेला.

त्यानंतर दुखलं नाही असं नाही. पण पाऊल आत पडत नव्हतं. बडवाह, मोरटक्का, ओंकारेश्वर. दोन तास रांग, क्षणभर दर्शन, काकांची आरती पुन्हा वर चढलेली. मी मात्र रडले. पाय दुखत होता म्हणून की दर्शन झालं म्हणून, ते वहिनींनी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये मोरटक्क्याचा पूल लागला तेव्हा पोटात धस्स झालं. नाणं माझ्याच पिशवीत होतं, सेफ्टीपिनांच्या डबीत. घाटावर दोनदा उतरले, नहाले, दिवा सोडला, आणि हे विसरले. खिडकी गंजून बसलेली. वहिनींनी दोन्ही हातांनी ती चार बोटं सरकवली, मी फटीतून नाणं फेकलं. टण् असा आवाज आला. ‘कठड्याला लागलं,’ मागून काका म्हणाले. वहिनी म्हणाल्या, ‘नाही हो, लागून आत पडलं.’ मी वाकून बघेपर्यंत पूल संपला होता.