राणी, क्लॅप्टन आणि दादाचा राग

रविवार, रात्री साडेदहा

घर शांत आहे. म्हणजे नवरा वर घोरतोय तेवढं सोडलं तर. लेक गुरुवारी सकाळी दहावीचा, म्हणजे इथल्या जीसीएसईचा निकाल घेऊन आली, तासाभरात तंबू, स्लीपिंग बॅग आणि दोन मैत्रिणी घेऊन फेस्टिवलला गेली पण. मी दिलेला चिवड्याचा डबा शिस्तीत ओट्यावर ठेवून गेली, वर म्हणे आई कुणी रॉक फेस्टिवलला चिवडा नेतं का. आता तो डबा मीच संपवतेय. वारा इकडे फिरला की नदीकडून बेसचा धम-धम आवाज थेट खिडकीच्या काचेवर येतो. इंग्लंडमधल्या आमच्या या रेडिंगमधे ऑगस्टचा हा वीकेंड असाच असतो, १९७१ पासून इथे हा फेस्टिवल भरतो, आणि अख्ख्या गावात मनगटाला पट्टी बांधलेली, चिखलानं भरलेली पोरं फिरत असतात. (भारतातून फोन आला की सगळे रीडिंग म्हणतात, मी पण पहिली दोन वर्षं तेच म्हणत होते.)

तर आज लिहायला बसायचं कारण दादा. दुपारी फॅमिली ग्रुपवर त्यानं एक जुना फोटो टाकला, बकिंगहॅम पॅलेसमधला, मार्च २००५ चा. राणी एलिझाबेथनी तेव्हा ब्रिटनच्या संगीतवाल्यांसाठी एक मोठं रिसेप्शन ठेवलं होतं आणि तिथे चार गिटारवाले एकत्र उभे होते, एरिक क्लॅप्टन, जिमी पेज, जेफ बेक आणि क्वीन बँडचा ब्रायन मे. म्हणजे दादाच्या खोलीची अख्खी भिंत. तो किस्सा तेव्हा पेपरात पण आला होता, की राणीनी क्लॅप्टनला विचारलं, तुम्ही बरेच दिवस वाजवताय का? आणि तो म्हणाला, झाली असतील पंचेचाळीस वर्षं. जिमी पेजला म्हणे विचारलं, तुम्ही पण गिटारवालेच का!

वीस वर्षं झाली या गोष्टीला पण दादाचा राग काही गेलेला नाही. खाली लिहिलंय, "हिला क्लॅप्टन माहीत नाही? मग काय उपयोग राणी असून?" त्याच्यावर काकूनी दोन हात जोडलेले इमोजी टाकलेत, तिला बहुतेक वाटलं कुणाची तरी पुण्यतिथी आहे.

दादाचं मी समजू शकते. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो, घरात एक टेपरेकॉर्डर, सकाळी त्याच्यावर बाबांची भजनं आणि रात्री दादाच्या कॅसेटी, त्या पण कुणाकडून तरी कॉपी करून आणलेल्या, वर पेननं लिहिलेलं "क्लॅपटन साईड ए". त्याच्यासाठी हा माणूस म्हणजे देव, आणि देवाला कुणी विचारतं का किती दिवस देव आहात म्हणून.

पण मला तो प्रश्न फार आवडतो, खरं सांगायचं तर. मजा म्हणजे आदल्याच वर्षी क्लॅप्टनला सीबीई मिळालेलं, म्हणजे राणीच्याच नावानं पदक दिलेलं. आणि ब्रायन मे तर २००२ ला, तिच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, तिच्या घराच्या गच्चीवर उभा राहून राष्ट्रगीत वाजवून गेलेला! तरी बाईंचं आपलं शांतपणे, किती दिवस वाजवताय. आयुष्यभर हजारो लोकांना भेटायचं तर प्रश्न असाच लागतो, ज्याचं उत्तर कुणालाही देता येईल. लांबून आलात का, हा तिचा प्रश्न तर इथे प्रसिद्धच आहे. शाळेतल्या पोराला, खाणकामगाराला, मंत्र्याला सगळ्यांना तोच. आणि क्लॅप्टनला आयुष्यात कितीक वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नसेल. सोसायटीच्या गॅदरिंगमधे कुणीतरी काकू विचारतात ना, छान वाजवतोस हं बाळ, क्लास कुठे लावलायस, तसं. तो साठीला टेकलेला माणूस किती सरळ उभा राहून उत्तर देतोय ते बघायचं त्या फोटोत, मला तरी चौघं शाळेतली पोरं वाटतात, हेडबाईंसमोरची.

दादाला मी लिहिलं की अरे तिला घोडे आणि कुत्री माहीत होती, गिटार तिचा विषयच नव्हता. तर लगेच, "आपल्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आणून ठेवलं, राजाला असं गाणं कळायला पायजे." आता कोल्हापूरच्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही हे मला कोल्हापूरचीच असून कळायला हवं होतं. मी नुसतं लिहिलं की महाराजांचा निम्मा जीव कुस्तीच्या तालमीत होता. त्याच्यावर अजून उत्तर नाही.

माझ्या डोक्यात दुपारपासून घोळतंय ते वेगळंच. या रॉकवाल्यांनी राजेशाहीला काय काय केलं आणि शेवटी काय झालं. १९६३ ला बीटल्सनी रॉयल व्हरायटी शोमधे गाणी म्हटली, राणीची आई आणि बहीण समोर बसलेल्या, आणि त्यांच्यातला जॉन लेनन स्टेजवरून म्हणाला की स्वस्तातल्या सीटवाल्यांनी टाळ्या वाजवा आणि बाकीच्यांनी नुसते दागिने खुळखुळवा. सगळे हसले. दोन वर्षांनी त्याच चौघांना एमबीईचं पदक, पॅलेसमधे जाऊन राणीच्या हातून घेतलं, तेव्हा काही जुन्या सैनिकांनी रागावून आपली पदकं परत पाठवली, की आम्ही लढाईत जीव धोक्यात घातला आणि या केस वाढवलेल्या पोरांना तेच? पुढे १९६९ ला लेनननी पण परत केलं, बियाफ्रा (नायजेरियातलं युद्ध) आणि व्हिएतनामचं कारण देऊन, आणि चिठ्ठीत वर हे पण घातलं की माझं नवीन गाणं चार्टवर खाली घसरतंय म्हणून. मला यातलं सगळ्यात काय आवडतं, तर ते पदक त्याच्याकडे नव्हतंच, मिमी मावशीच्या घरी होतं, तिथून मागवून घ्यावं लागलं. निषेध करायचा तर आधी मावशीकडे माणूस पाठवा. आणि मावशीनी ते जपून ठेवलेलं असणार हे कुठल्याही मराठी घराला सांगायची गरज नाही.

सेक्स पिस्टल्स या पंक बँडचं तर काय. १९७७, राणीला गादीवर येऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून गल्लोगल्ली टेबलं मांडून जेवणावळी चाललेल्या आणि यांनी राष्ट्रगीताचंच नाव घेऊन गाणं काढलं, कव्हरवर राणीचा फोटो, डोळे आणि तोंड चिकटवून बंद केलेले. बीबीसीनी वाजवायला नकार दिला, तरी चार्टवर दोन नंबर. मग यांनी थेम्सवर बोट भाड्यानं घेऊन तिथे वाजवलं, बोटीचं नाव पण क्वीन एलिझाबेथ, आणि धक्क्याला लागल्यावर पोलिसांनी धरपकड केली. आता बघा, २०२२ च्या सप्टेंबरमधे राणी गेली तेव्हा त्याच बँडच्या जॉन लायडननी काय लिहिलं, तर राणीच्या आत्म्याला शांती लाभो, आणि पुढे राष्ट्रगीतातलीच ओळ, सरळ मनानं. रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर २००३ ला सर झाला आणि त्याच्याच बँडचा कीथ रिचर्ड्स त्याच्यावर जाम उखडला. डेव्हिड बोवीनी दोनदा नाही म्हटलं, एकदा सीबीईला आणि एकदा सर व्हायला, आणि शेवटपर्यंत नाहीच घेतलं. पण असे थोडे.

आणि ज्यानं बँडचं नावच क्वीन ठेवलं तो फ्रेडी मर्क्युरी, आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समधे शिकलेला फारुख बलसारा. शाळेतच पहिला बँड. सातवीत आमची सहल पाचगणीला गेली तेव्हा टेबललँडवर घोड्यावर बसायचे पैसे किती यावर भांडण झालं एवढंच मला आठवतं, कुणी सांगितलं पण नाही की इथे कोण शिकून गेलाय. १९८६ ला वेम्बलीला शो संपताना तो मोठा मुकुट आणि मागे लोळणारा झगा घालून आला आणि स्पीकरवर राष्ट्रगीत लावलेलं, आणि ते टिंगल आहे की प्रेम आहे ते आजपण नक्की सांगता येत नाही. झांझिबारचा पारशी मुलगा, सुलतानाचं राज्य उलथल्यावर आईवडलांबरोबर पळून लंडनला आलेला. त्याला मुकुटाचं काय वाटत असेल हे मला खरंच त्याला विचारायचं होतं.

आमच्या ऑफिसात एक जण आहे, पक्का राजेशाहीविरोधी. त्याच्याकडे आकडे तयार असतात, सरकार राजघराण्याला वर्षाला किती देतं, २०२४-२५ ला ८ कोटी ६३ लाख पौंड, २०२५-२६ ला १३ कोटी २१ लाख, पॅलेसच्या दुरुस्तीला किती, सगळं. चहा करायला गेलं की किटली उकळेपर्यंत ऐकून घ्यायचं. तर राणी गेली तेव्हा थेम्सच्या काठानं ती एवढी लांब रांग लागलेली, अडीच लाख लोक दर्शन घेऊन गेले म्हणतात. (दर्शन हा माझा शब्द. दुसरा सुचत नाही, वारीची सवय.) अंत्यविधीची सोमवारची सुट्टी झाली आणि बुधवारी हा किटलीपाशी गप्प. शेवटी म्हणाला, आईला जायचंच होतं, शहात्तर वय, एकटीला कसं सोडणार, म्हणून मी पण आठ तास उभा राहिलो. आणि मग हळू आवाजात, कुणी ऐकत नाही बघून, की पेटीसमोर आलो आणि मान आपोआप खाली गेली, माझं मलाच कळलं नाही.

मी हसले नाही. कारण माझं तेच झालेलं. बाबांशी मी कॉलेजपासून भांडायचे की १९७१ ला संस्थानिकांचे तनखे बंद झाले, पदव्या संपल्या, आता कसले महाराज. आणि मधे एका दसऱ्याला कोल्हापुरात होते, दसरा चौकात तुडुंब गर्दी, महाराजांची ती जुनी मेबॅक गाडी हळूहळू आत आली आणि माझे हात आधीच जोडलेले. बाबांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत, नुसतं आपट्याचं पान हातात दिलं. मत एकीकडे आणि कंबर एकीकडे. शाहू महाराजांनी १९०२ ला ५० टक्के जागा राखीव ठेवल्या म्हणून आमच्याकडे लोक हात जोडतात, असं मी स्वतःला समजावते, पण त्या क्षणी काय माझ्या डोक्यात १९०२ होतं? छे.

इथल्या राजघराण्याला ही कंबरेची गोष्ट बरोबर कळते असं मला वाटतं. रॉकवाल्यांशी भांडायचं नाहीच, त्यांना चहाला बोलवायचं. शेवटी शेवटी तर राणी स्वतःच पॅडिंग्टन अस्वलाबरोबर बसून कपावर चमच्यानं क्वीन बँडचा धम-धम-टाळी ठेका वाजवत होती, २०२२ ला. ब्रायन मे वर्षभरातच सर झाला. आणि चार्ल्सचं म्हणाल तर त्यानं २००३ ला चर्चगेटला आमच्या डबेवाल्यांना भेटून त्यांना २००५ च्या लग्नाचं आमंत्रण पाठवलं, म्हणजे त्या फोटोच्या पुढच्याच महिन्यात दोन डबेवाले विंडसरला लग्नाला. आईचा तेव्हा फोन आलेला, तू तिथं जवळ असून तुला बोलावलं नाही होय!

आता पिस्टल्ससारखं चिडायला पण कुणी उरलेलं नाही. बऱ्याच सर्व्हेत साठेक टक्के लोक म्हणतात राहू दे राजाला, पण अठरा ते चोवीसची पोरं निम्मी पण तसं म्हणत नाहीत. आणि त्यातली बहुतेक विरोधात बोट पण भाड्यानं घेणार नाहीत. माझ्या लेकीला राज्याभिषेकाच्या वेळी विचारलं होतं टीव्ही लावू का, तर म्हणाली, सुट्टी कधी आहे तेवढं सांग. चिडलेल्या माणसाला बोलावून पदक देता येतं, हिला काय देणार?

सव्वाअकरा झाले. आत्ताच तिचा मेसेज आला, उद्या सकाळी नऊला घ्यायला ये, सुके मोजे आण, आणि चिवडा असेल तर तो पण. (नाहीये.) घेऊन येताना ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, पडक्या भिंतींवरून चक्कर मारायची आहे, पहिला हेन्री राजा तिथेच कुठेतरी पुरलाय, नऊशे वर्षं होत आली, नक्की कुठे ते कुणालाच माहीत नाही, जुन्या जेलच्या पार्किंगखाली असेल म्हणतात. ती गाडीतून उतरणार नाही हे मला माहितीये, तरी विचारीन.

आणि मेसेजच्या खाली अजून एक ओळ. मामानं फोटो टाकलाय त्यात राणी ओळखली, पण बाकीचे चार काका कोण?

ग्रुपवर नाही विचारलं, मला वेगळं विचारलं, एवढी अक्कल आहे पोरीला. दादाला कळता कामा नये.