आडावरची जाळी

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

झड लागून आज चौथा दिवस. दिवा घालवून पडलो की डोळ्यांपुढं हिरवी जाळी येते. नव्या ऑइलपेंटचा वाससुद्धा येतो. दोनदा कूस बदलली, मग उठून बसलो.

सकाळी बेळगावातल्या शहापूरला गेलो होतो. दादाला उताऱ्याची झेरॉक्स द्यायची, एवढंच काम. (उताऱ्याचं पुढं काय, ते आज नको.) चहा झाला, पोहे झाले, आणि नेहमीसारखा मी उठलो, "जरा गाडी बघून येतो, स्टँडवर नीट लावली नाही वाटतं." म्हणजे मला न्हाणीकडं जायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून परड्यात उतरलं की न्हाणी दहा पावलांवर आहे. पण त्यातली मधली चार पावलं आडाच्या कठड्याला घासून जातात. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला आड, मध्ये अडीच हात जागा. म्हणून मी पुढच्या दारानं बाहेर पडतो, गल्लीतून बोळात शिरतो आणि परड्याच्या मागच्या दारानं आत येतो. तिथं न्हाणी लगेच. सायकल होती तेव्हा सायकल बघून यायचो, मग लूना, मग स्कूटर. गाड्या बदलत गेल्या, कारण तेच राहिलं.

आज वहिनी म्हणाली, "गाडी राहू दे ओ भावजी. सरळ जावा की परड्यातनं. जाळी बसवून सोडलीय."

"कसली जाळी?"

"आडावर. तुमच्यासाठीच की ओ. किती दिस बोळातनं भिजत जाणार?"

इतक्या साध्या आवाजात, की जणू पोह्यांवर लिंबू हवंय काय म्हणून विचारतेय. दादानं पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

दारात जाऊन बघितलं. कठड्यावर लोखंडी चौकट, बोटभर जाड सळ्या, मध्ये बादली जाण्यापुरतं झाकण, आणि सगळ्याला हिरवा रंग. झाकणाची कडी बसवायला वडगावचा वेल्डर आला होता, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "हेदरब्याडरी सर, आनी निंतरू एनू आगंगिल्ल." घाबरू नका सर, हत्ती उभा राहिला तरी काही होणार नाही.

वेल्डरलासुद्धा माहीत.

आणि मी काय केलं? जाळी झकास झालीय म्हटलं. कितीला पडली विचारलं. रंग खुलून दिसतो म्हटलं. मग पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि बोळातून गेलो. बोळात घोटाभर पाणी होतं.

सगळ्यांना माहीत होतं. हेच सकाळपासून डोक्यात फिरतंय. भीती तर जुनीच आहे, तिची सवय झालीय, सांधेदुखीसारखी. पण मला वाटत होतं की ती माझी एकट्याची आहे, मी ती नीट झाकून ठेवलीय. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची गोष्ट मीच सोन्याला तो लहान असताना सांगायचो. मांजर कोण ते आज कळलं.

भीती कसली, हे मला कुणाला धड सांगता आलेलं नाही. पडेन, असं वाटत नाही. कठडा माझ्या कमरेच्या वर आहे, पडायचं म्हटलं तरी चढावं लागेल. वाटतं ते भलतंच. खिशातली किल्ली आपण होऊन उडी मारेल असं वाटतं. चष्मा निसटेल असं वाटतं. मी आधी खिशावर हात ठेवतो, मग चष्म्यावर, तेवढ्यात तळपायांना मुंग्या येतात, जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव येते आणि गुडघ्यांचं पाणी होतं. एप्रिल-मेमध्ये आड आटतो, तळाचा गाळ, फुटका पोहरा, कुणाचं तरी हरवलेलं भांडं दिसतं, तेव्हा त्रास कमी. खरा त्रास आत्ताच्या दिवसांत. आषाढात पाणी हाताशी येतं. खोली दिसत नाही, नुसतं काळं, गप्प पाणी. लोकांना वाटेल की आड भरला तर भीती कमी व्हावी. माझं उलटं आहे.

बरं, पाण्याची भीती म्हणावी तर राकसकोपच्या धरणावर मी पाय सोडून बसलोय. उंचीची म्हणावी तर गोकाकचा धबधबा 52 मीटरचा आहे, तिथल्या झुलत्या पुलावरून मी धाकट्या बहिणीच्या, मंदीच्या पोरांचा हात धरून गेलोय, पोरं रडत होती आणि मी त्यांना धीर देत होतो. कपिलेश्वरच्या तलावावर विसर्जनाला पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो. एक नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत दोन्ही बाजूंना पोलीस असताना दरवर्षी चालतो, छाती धडधडत नाही. भीती फक्त गोल, खोल आणि घरातल्या पाण्याची. ही कसली निवड म्हणायची?

"लहानपणी पडला होतास काय रे?" हे ज्याला कळतं तो विचारतो. (कळतं कुणाला, असं आजवर मला वाटायचं. सायकलवाल्या जोश्याला एकदा सांगितलं होतं, बस.) नाही, पडलो नव्हतो. कुणी ढकललं नव्हतं, कुणी आत जीव दिला नव्हता. आज्जी आडात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात म्हणायची, पण ती तर न्हाणीतसुद्धा भूत आहे म्हणायची आणि न्हाणीत मी तासभर बसतो. पडलो असतो तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. निदान एखादी गोष्ट तरी असती सांगायला. कारण असलेल्या भीतीला मान असतो. बिनकारणाच्या भीतीला लोक आधी हसतात आणि मग समजावतात, आणि समजावणं हसण्यापेक्षा वाईट.

सकाळपासून एकेक जुनी गोष्ट उलटी करून बघतोय. पूर्वी आमचा दीड दिवसाचा गणपती घरच्याच आडात जायचा. दादा मूर्ती सोडायचा, मी मागं उभा राहून झांजा वाजवायचो. घसा फुटेस्तोवर 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडायचो, म्हणजे मी कुठं उभा आहे याकडं कुणाचं लक्ष जाऊ नये. चाळीस वर्षांत एकदाही कुणी म्हणालं नाही, की यंदा तू सोड. मला वाटायचं, दादा थोरला, मान त्याचा. सोन्याच्या बाळाच्या वेळी आडाची पूजा होती, तेव्हा ऐनवेळी मला नारळ आणायला गणपत गल्लीत पाठवलं. घरात तीन नारळ होते, मी स्वतः बघितले होते. तेव्हा वाटलं, वहिनी विसरली.

आणि आई. नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आडाचं ओढल्याशिवाय भागायचं नाही. आईनं मला एकदाही दोराला हात लावू दिला नाही. मी धाकटा म्हणून लाड, असं मी समजून होतो. मंदी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. ती ओढायची. तिच्या हातांना घट्टे होते, शाळेत पोरी हसायच्या. ते एक असू दे.

पन्नाशी उलटलेला माणूस. पोराच्या वयाचा वेल्डर त्याला हत्तीची हमी देतो. दुपारी जेवण गेलं नाही. वाटलं, या घरात आपली ओळख काय, तर आडाला भिणारा. उद्या मेलो तर तेराव्याला हेच निघेल. हसतील, मग दादा डोळे पुसेल, मग पुन्हा हसतील.

संध्याकाळी जरा ताळ्यावर आलो. ताळ्यावर यायला माझी एक ठरलेली वाट आहे: मोबाइलवर याविषयी वाचणं. चारेक वर्षं वाचतोय. माझं दैवत म्हणजे मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई. पीटर नावाचा पोरगा, तीन वर्षांचाही नाही, सशाला भ्यायचा. बाई त्याला आवडीचं खायला देऊन बसवायच्या आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायच्या. मग रोज थोडा जवळ. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं. हा खाऊचा उपाय सुरू होण्याआधी एक मोठं कुत्रं त्याच्या अंगावर आलं, तेव्हा तोवर केलेलं सगळं वाहून गेलं आणि बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, हा तपशील मला सगळ्यात आवडतो. हे त्यांनी छापलं 1924 साली. त्याच 1924 च्या डिसेंबरात आमच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. आणि आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून काय केलं? विहीर खोदली. एकाच वर्षी तिकडं औषध निघालं आणि इकडं रोग खोदला गेला. काँग्रेस रोडला मी रोज सकाळी फिरायला जातो आणि विहीर आली की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालतो. शताब्दीला सगळं गाव तिथं रोषणाई बघत होतं. मी रोषणाई पलीकडून बघितली. तिथूनही चांगली दिसते.

तर मागच्या फेब्रुवारीत मी पीटर व्हायचं ठरवलं. दर रविवारी पाव किलो कुंदा, आमची बेळगावची खव्याची मिठाई, घ्यायचा, विहिरीच्या पलीकडं उभं राहून दोन घास खायचे, दर खेपेला तीन पावलं पुढं. पहिला रविवार उत्तम गेला. दुसऱ्या रविवारी दुधवाल्यानं विचारलं, सर, रस्त्यात उभं राहून काय खाताय? चौथ्या रविवारी हिशेब केला: अंतर जवळपास तेवढंच, वजन दीड किलो जास्त. पाचव्या रविवारी कुंदा घरीच खाल्ला.

पण त्या वाचनातली एक गोष्ट आज बोचली. डॉक्टर लोक अजून याच वाटेनं नेतात, पायरी पायरीनं जवळ. आणि सांगतात की पळू नका. पळालं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यावरच भीती पोसते. म्हणजे इतकी वर्षं माझ्या भीतीला खाऊ घातला तो त्या बोळानं. आणि बोळ मोकळा ठेवला कुणी? नारळ आणायला पाठवलं कुणी? दोर हातातून काढून घेतला कुणी?

इथं वाचणं बंद केलं. असला हिशेब आईवर मांडायचा नाही.

आणि जाळीचं खरं सांगू? जाळीनं काही होणार नाही. उलट आता किल्ली सळ्यांमधून बरोबर आत जाईल असं वाटायला लागलंय. वहिनीला हे सांगायची सोय नाही, तिनं रंग स्वतः निवडलाय. आमचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, दोन्हीकडचे वकील म्हातारे झाले. माझंही प्रकरण असंच चालू राहील असं दिसतंय. तारखेला हजर राहायचं.

आता राहिलं ते एकच, आणि मघापासून मी तेच टाळतोय. न्हाणीकडं जाताना बोळातून आत शिरलो तेव्हा पार भिजलो होतो. मागच्या दाराच्या आत, भिंतीला खिळा आहे, त्याला पंचा होता. कोरडा, घडी घातलेला. मी डोकं पुसलं, तोंड पुसलं, पाय पुसले. तो पंचा तिथं असतोच. मी कॉलेजात होतो तेव्हाही असायचा, आई होती, अण्णा होते. न्हाणीतला म्हणून मी वापरत आलो. पण न्हाणीतला पंचा न्हाणीत दोरीवर असतो. त्या दारानं घरातलं कुणी येत-जात नाही. कडीला नेहमी तेल मात्र असतं.

आज तो माझ्या गळ्यातच राहिला, रेनकोटच्या आत. घरी येऊन बघितलं तेव्हा कळलं. खुर्चीच्या पाठीवर टाकलाय, या हवेत उद्यापर्यंतही वाळायचा नाही. इस्त्री फिरवावी लागेल. मंगळवारी सहीसाठी जायचंच आहे, तेव्हा परत लावून यायला हवा. आणि तो खिळा आहे बोळाच्या बाजूला.