तीन जोड, तीन फर्मे: चौदा महिन्यांची नोंद

गेल्या शनिवारी तिसरा जोड घरी आला. एडवर्ड ग्रीन या इंग्लिश कंपनीचा चेल्सी (नाव तसं असलं तरी हा लेसचा ऑक्सफर्ड बूट), काळा, आधी कुणीतरी वापरलेला, पण तळ अजून भक्कम. आत अस्तरावर शाईने हाताने लिहिलंय: मॉडेलचं नाव, मग ८ / ८½ ई, मग २०२. पहिला आकडा इंग्लिश माप, दुसरा अमेरिकन, ई म्हणजे रुंदी आणि २०२ म्हणजे हा बूट ज्या फर्म्यावर ओढून बांधला, त्या फर्म्याचा, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्याचा, नंबर. चौदा महिन्यांपूर्वी मी यातला फक्त पहिला आकडा वाचला असता.

आधी पहिल्या जोडाचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघालं. लंडनमधल्या एका दुकानात काळा कॅप-टो ऑक्सफर्ड (पुढ्यावर चामड्याची आडवी टोपी, लेसच्या पाळ्या खाली शिवून बंद केलेल्या) पाहिला. आठ ई घातला तर करंगळी दाबली जात होती. विक्रेत्याने लगेच साडेआठ ई आणून दिला, पाय सुटसुटीत वाटला आणि मी पैसे देऊन बाहेर पडलो. दोन आठवड्यांत दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे दर पावलाला टाच निसटत होती. दुसरी जास्त बोलकी होती: पुढच्या चामड्यावर एका सुरकुतीच्या जागी दोन पडल्या, अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने. एक सुरकुती बूट जिथे दुमडायला हवा तिथे आणि दुसरी माझा पाय जिथे दुमडतो तिथे. बूट उत्तम होता. मी माप चुकीच्या दिशेने वाढवून घेतलं होतं.

मग हिशेब करायला बसलो. इंग्लिश मापाच्या मुळाशी जवाचा दाणा आहे. लांबीत लांबी लावून तीन दाणे म्हणजे एक इंच. म्हणजे एक पूर्ण माप ८.४७ मिलिमीटर आणि अर्धं ४.२३. (आपल्या जुन्या मोजणीतही आठ यवांचं एक अंगुळ होतं, फक्त तिथे दाण्याची रुंदी धरायची. हे वाचलं तेव्हा फार आपलंसं वाटलं.) मोठ्यांच्या मापाचं सूत्र साधं आहे: फर्म्याची लांबी इंचांत घ्या, तिनाने गुणा, पंचवीस वजा करा. अकरा इंची फर्मा म्हणजे आठ नंबर. इथे लांबी फर्म्याची आहे, पायाची नव्हे. माझा उजवा पाय जरा मोठा, २६२ मिलिमीटर. आठ नंबरचा फर्मा २७९. मधले सतरा मिलिमीटर म्हणजे बरोबर दोन जव, आणि ते बोटांच्या पुढे मोकळे राहायलाच हवेत.

म्हणजे लांबीने मी आठच होतो. अडचण चवड्याची होती. रुंदीचं एक अक्षर वाढवलं की चवड्याभोवतीचा घेर साधारण पाव इंच, सहा-साडेसहा मिलिमीटर वाढतो आणि लांबी तेवढीच राहते. अर्धा नंबर वाढवला तर घेर त्याच्या निम्माच मिळतो, वर चार मिलिमीटर नको असलेली लांबी गळ्यात पडते. त्या लांबीने बुटाचा वाकही पुढे सरकतो. टाचेपासून चवड्याच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर बुटाशी जुळलं नाही, तर बोटांपुढे कितीही जागा असो, बूट बसत नाही. म्हणून आता दुकानात मी आधी अंगठ्यापुढची जागा चाचपत नाही. चवड्याचं हाड बुटाच्या सर्वांत रुंद जागी आलंय का, ते पाहतो.

साताऱ्याला लहानपणी चांभारकाका कागदावर पाय ठेवायला लावून भोवती पेन्सिल फिरवायचे आणि चवड्यावर दोन्ही बाजूंना आडव्या खुणा करायचे. त्या खुणा कशाला, हे मला इथे, मिल्टन कीन्सच्या स्वयंपाकघरात फरशीवर कागद पसरून तेच करताना कळलं.

दुसरा जोड त्याच कागदाच्या आधाराने घेतला: लोक ब्रदर्स (Loake) या कंपनीचा ऑल्डविच, कॅपिटल फर्मा, आठ एफ. केटरिंगचं हे घराणं १८८० पासून बूट करतंय आणि त्यांच्याकडे एफ हीच नेहमीची रुंदी. क्रॉकेट अँड जोन्स आणि एडवर्ड ग्रीनकडे नेहमीची रुंदी ई. त्यामुळे एका घराण्याच्या अक्षराची दुसऱ्याच्या अक्षराशी डोळे मिटून तुलना करू नका, फर्मा बदलला की अक्षराचा अर्थही बदलतो. ऑल्डविच नवा असताना लेसच्या दोन पाळ्यांमध्ये वर आठ मिलिमीटर फट होती. तिसेक वेळा घातल्यावर ती चारवर आली. ऑक्सफर्डमध्ये नव्याने अशी थोडी फट असलेलीच बरी, कारण चामडं सैलावतं आणि सुखतळ्याखालचा कॉर्क दबतो. पहिल्याच दिवशी पाळ्या एकमेकींना टेकल्या, तर वर्षभराने आवळायला जागाच उरत नाही.

अधूनमधून नॉर्थॅम्प्टनच्या फेऱ्या चालूच होत्या. आमच्याकडून ट्रेनने फार वेळ लागत नाही. भोवताली गुरं, ओकच्या साली देणारी जंगलं आणि नेन नदीचं पाणी, म्हणून कातडी कमावण्याचा आणि बुटांचा धंदा इथे रुजला. गावच्या फुटबॉल संघालाही लोक कॉबलर्सच म्हणतात. विटांच्या घरांच्या रांगेत मध्येच कारखाना उभा असतो: पेरी स्ट्रीटवर क्रॉकेट, सेंट मायकल्स रोडवर १८२९ पासूनचं ट्रिकर्स. कारखान्याच्या दुकानात किरकोळ डाग किंवा ओरखडा असलेले जोड कमी किमतीत मिळतात, पण माझ्या मते तिथला खरा फायदा वेगळा आहे: एका दुपारी चार-पाच फर्मे पायात घालून पाहता येतात. क्रॉकेटचा ३४८ पुढे किंचित चौकोनी, छिन्नीसारखा निमुळता. हॅलम त्यावरच बनतो. दिसायला मला तो सगळ्यांत आवडला, पण आठ ईमध्ये माझ्या करंगळीने नकार दिला आणि साडेआठ मी मागितला नाही. चौदा महिन्यांतली सर्वांत मोठी प्रगती कोणती विचाराल, तर हीच.

बांधणीबद्दल मी वाचलं खूप होतं, पण समजली ती डोळ्यांनी पाहिल्यावर. ऑल्डविचचा तळ झिजला म्हणून दुरुस्तीला दिला आणि कारागिराने उघडल्यावर आत पाहू दिलं. जुना तळ निघाला, खाली कॉर्कचा थर, आणि त्यात माझा पाय! टाचेचा गोल, चवड्याचा खोलगट ठसा, अंगठ्याची खूण. उजवा डाव्यापेक्षा खोल. गुडइयर वेल्ट या बांधणीचं मर्म तिथेच आहे. सुखतळ्याच्या खालच्या अंगाला कापडी कणा चिकटवलेला असतो. वरचं चामडं, अस्तर आणि वेल्टची पट्टी त्या कण्याला एका शिवणीने जोडतात, आणि तळ दुसऱ्या शिवणीने फक्त वेल्टला. त्यामुळे तळ बदलताना दुसरीच शिवण उसवते, वरच्या चामड्याला सुई लागत नाही. हाताने वेल्ट केलेल्या बुटात हा कापडी कणा नसतो. जाड सुखतळ्यातच कणा कोरून काढतात आणि आरीने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतात. ब्लेक शिवण सरळ सुखतळ्यापासून तळापर्यंत आरपार जाते. बूट हलका आणि लवचीक होतो, पण इंग्लंडच्या पावसात पाणी त्याच वाटेने आत शिरतं. इथे रोज घालायचा जोड हवा असेल, तर मी वेल्टच सांगेन.

बुटांच्या घाटांबद्दल (ऑक्सफर्ड, डर्बी वगैरे) फार लिहीत नाही, आपल्यापैकी बहुतेकांना ते पाठ आहे. एवढंच सांगतो, की आपल्या पायांत वरचा भाग उंच असलेले बरेच जण आहेत आणि ऑक्सफर्डचा हट्ट धरून रडकुंडीला येतात. डर्बीच्या पाळ्या मोकळ्या असतात, त्यामुळे ती उंच पायाला सामावून घेते. चांगली डर्बी सुटावर मुळीच कमी दिसत नाही.

आणि आता चेल्सी. २०२ हा जुना, गोलसर पुढ्याचा फर्मा. ई असूनही चवड्याला भरपूर जागा देतो आणि टाचेला घट्ट धरतो. माझ्या पायाला नेमकं हेच हवं होतं. लेसच्या पाळीखालची शिवण सरळ न उतरता हंसाच्या मानेसारखी वळत खाली येते. दिव्याखाली धरून पाहिलं, तर त्या वळणावर टाके जराही मोठे झालेले नाहीत. वळणावर हात सैल पडला असता, तर पहिल्यांदा तिथेच दिसलं असतं. तळाला शिवण दिसतच नाही. चामड्याला कडेने तिरका चर देऊन टाके त्यात बसवलेत आणि वर पापुद्रा परत चिकटवलाय. रविवारी घालून तीन तास चाललो. टाच हलली नाही. सुरकुती आधीच्या मालकाचीच राहिली, माझा पायही तिथेच दुमडला. वापरलेला जोड घेताना मी आता फोटोत आधी तीच सुरकुती पाहतो.

आता पहिल्या जोडाचं काय झालं ते. तो वर्षभर कपाटात लाकडी फर्म्यावर होता. गेल्या महिन्यात लेस्टरहून माझा मावसभाऊ आला, नोकरीच्या मुलाखतीसाठी काळे बूट हवे होते. त्याचा पाय कागदावर आखला: लांबीला साडेआठ आणि चवडा माझ्यापेक्षा चांगलाच अरुंद. बूट घातला, लेस आवळली, वर पाच मिलिमीटर फट. जिन्याने दोनदा खाली-वर केलं आणि म्हणाला, "दादा, टाच जागची हलत नाही." मी खाली वाकून पाहिलं. बूट पुढच्या सुरकुतीवर दुमडत होता. मागची, माझी, तशीच सपाट पडून होती.