तुम्ही विचारलंत म्हणून: पार्किंगला कुठली टाइल टिकते?

गेल्या दहा वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याचा हिशोब नाही. घरी कुणी आलं की गाडीतून उतरता उतरता खाली बघतात आणि म्हणतात, "इतकी वर्षं झाली, एकही फुटली नाही, कुठल्या कंपनीची हो?" मी सांगायला लागतो की आधी खालची जमीन बघा, भराव बघा, तर चेहरा पडतो. काहींना वाटतं मी नाव लपवतोय. एका नातेवाइकाने तर सरळ म्हटलं, "नाव सांगायला काय जातंय तुझं?" म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकतो.

घर सांगलीत, २०१२ चं. इथली काळी माती माहितीच आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते आणि पावसाळ्यात तीच फुगून वर येते. पार्किंग ११ फूट बाय २० फूट. तेव्हा मी तिथं दोन बाय दोन फुटांची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल (पक्की भाजलेली, पाणी जवळजवळ न शोषणारी) घातली होती, हॉलला घातली तीच. घरात आणि बाहेर एकसारखं दिसावं एवढाच विचार. घसरण्याचा विचार केलाच नाही आणि पहिल्याच पावसात सगळे भिंतीला हात लावून चालायला लागलो, पण तो वेगळा विषय.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये एका सकाळी गाडी मागे घेत होतो, काच बंद होती तरी आवाज आला. कट्. मग अजून एक, कट्. उतरून बघितलं तर डाव्या चाकाच्या ओळीत सात टाइल्स फुटलेल्या, मधोमध आडवी चीर आणि एकीचा कोपरा खाली गेलेला. कर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं, त्यात हे.

मिस्त्रीमामांना फोन केला. वडिलांचं जुनं घर त्यांनीच बांधलेलं, मला लहानपणापासून ओळखायचे. अर्ध्या तासात गाडीवर आले. काही न बोलता गुडघ्यावर बसले आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक टाइल ठोकत गेले, टक टक टक, आणि मधेच आवाज बदलायचा, ढब. जिथं ढब आलं तिथं खडूने फुली मारत गेले. फुल्या पंचवीसच्या वर झाल्या. मग छिन्नीने एक फुटकी टाइल उचलली आणि खाली बघून मी पेटलोच. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे सिमेंट-वाळूच्या मालाचे पाच गोळे, बाकी सगळं रिकामं. अर्ध्याहून जास्त टाइल हवेत होती.

मामा हळूच म्हणाले, "दादा, ते आहेच, पण खालची जमीनपण बसलीया."

मी ऐकून घेतलं नाही. शेजारचे काका उभे होते, टाइलच्या दुकानातला माणूस तक्रार बघायला आला होता, त्या दोघांसमोर मी म्हणालो, "चाळीस वर्षं काम करताय आणि माल पूर्ण पसरायचा असतो एवढं कळत नाही? लोकांची घरं अशीच बांधलीत का?" ते उठले, गुडघ्याची माती झटकली, थापी आणि हातोडी पिशवीत टाकली. त्यांचे चार हजार माझ्याकडून यायचे होते, ते मागितले नाहीत. गेटपाशी चप्पल घालताना एकदा वळून बघितलं, मला वाटलं काहीतरी बोलतील, पण नाही बोलले. गाडी दोनदा किक मारून चालू झाली नाही तेव्हा ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि मी तिथंच उभा राहून बघत होतो.

आता माझी बाजूही सांगतो. गोळ्यांची चूक खरीच होती आणि ती त्यांचीच होती. टाइल दाबाला फार भक्कम असते, वाकायला अजिबात नाही. पापड ताटात सपाट ठेवून वर वाटी ठेवा, काही होत नाही, तोच पापड दोन वाट्यांच्या काठावर ठेवून बोटाने दाबा. आयएसओ १३००६ या टाइल्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात साडेसात मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या व्हिट्रिफाइड टाइलने दोन टेकूंवर ठेवून किमान १३०० न्यूटन, म्हणजे साधारण १३० किलोचा भार सोसावा अशी अट असते. आपली छोटी गाडी माणसं धरून बाराशे किलो धरली तरी एका चाकावर ३०० किलो येतात, तेही तळहाताएवढ्या जागेवर. पोकळीवर ठेवलेली टाइल ते कसं सोसणार? बुलेटचा साइड स्टँड तर अजून वाईट, सगळं वजन रुपयाएवढ्या ठिकाणी. मी आजही त्याखाली लोखंडी पट्टी ठेवतो.

पण २०१४ मध्ये सगळं उखडलं तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीने मालाच्या थरातून सळई घातली आणि ती न दाबता आत गेली. प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, भिंतीकडेने थर आणि मुरूम यांच्यामध्ये तीन बोटं जागा होती. भराव बसला होता. थर वरच्या वर अधांतरी, त्यावर गोळे, त्यावर टाइल, त्यावर माझी गाडी.

आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. २०१२ मध्ये मामांनीच सांगितलं होतं. "दादा, दगडाचं सोलिंग करून घ्या, वर चार इंच पीसीसी टाका, इथं गाडी उभी राहणार हाय." सोलिंग म्हणजे खाली दगड रचून केलेला थर, पीसीसी म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट. खर्च सोळा हजार निघत होता. मी म्हणालो, मुरूमावर आठ दिवस पाणी मारलंय की, बसेल तेवढा बसला. धुम्मस (माती चोपायचं जड हत्यार) लावून थराथराने चोपलाही नव्हता, एकदम दोन फूट ओतला आणि वरून पाइप सोडला. त्या सोळा हजारात मी हॉलचं फॉल्स सीलिंग केलं.

तेव्हाच्या मला आज विचारलं तर तो म्हणेल, पैसे नव्हते, एवढं कळत नव्हतं, सगळेच असं करतात. पैसे नव्हते हे अर्धंच खरं, फॉल्स सीलिंगला होते. कळत नव्हतं हेही खरं नाही, कळणाऱ्या माणसाने तोंडावर सांगितलं होतं. पण सगळेच असं करतात याला माझ्याकडे आजही उत्तर नाही, कारण पलीकडच्या गल्लीत एकाने पीसीसीशिवाय टाइल बसवलीय आणि ती माझ्यापेक्षा जुनी आहे, एकही चीर नाही. त्यांच्याकडे खाली कडक मुरूम लागला असेल, किंवा माल पूर्ण पसरला असेल. मग माझ्या टाइल्स नक्की कशाने फुटल्या, गोळ्यांनी की भरावाने? दोन्ही म्हणतो मी, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटणी बदलत राहते.

दुसऱ्या वेळी काय केलं ते सांगतो, कारण तुम्हाला तेच हवंय. भराव काढून सहा सहा इंचाच्या थरात पाणी मारून चोपला, सोलिंग, वर चार इंच पीसीसी. गेटकडे ढाळ, आठ फुटाला एक इंच. टाइल सोळा बाय सोळा इंचांची, गुजरातेतल्या मोरबीकडची, बारा मिलिमीटर जाडीची आणि खरखरीत. नऊची बारा झाली की ताकद पावणेदोन पटीच्या आसपास जाते, कारण ती जाडीच्या वर्गाने वाढते. दुकानात टाइल पालथी करून पाठीवर पाणी टाकून बघितलं, शोषलं नाही. मग तोंडावर पाणी टाकून ओल्या चपलेने घासून बघितलं, दुकानदार बघतच राहिला. मालावर सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, पूर्ण पसरली आणि दर चारपाच टाइल्सनंतर एक उचलून पाठ बघितली, कुठं कोरडी राहिलीय का. मिस्त्री वैतागला, पण मी हटलो नाही. खरखरीत टाइलमध्ये चिखल अडकतो, ऑइलचा डाग लगेच पुसला नाही तर बसतो, बायको दर रविवारी ब्रशने घासताना मला ऐकवते. ते मला मान्य आहे.

मामांचे चार हजार घेऊन मी त्यांच्या घरी गेलो ते २०१५ च्या पाडव्याला. ते मुलीकडे गेले होते, मुलाने पैसे घेतले आणि चहा दिला. नंतर ते एकदा बाजारात भेटले, आईची चौकशी केली, टाइलचा विषय त्यांनी काढला नाही आणि माझ्याही तोंडून निघाला नाही.

खोकं माळ्यावर आहे, सहा टाइल्स शिल्लक आहेत, नाव त्यावर छापलंय, येऊन फोटो काढून न्या. पण येताना तुमच्याकडे भराव किती फूट आहे आणि कसा चोपलाय ते विचारून या, मी तेच आधी विचारणार आहे.